जीवनाचा उद्देश ऑफिसच्या दाराशी थांबतो का?

आपण या जगात कशासाठी आलो आहोत? कोणत्याही मुसलमान घरातल्या मुलाला हा प्रश्न विचारा, तो लगेच उत्तर देईल: अल्लाहच्या इबादतीसाठी. मकतबमध्ये हे आपल्याकडून पाठ करून घेतलेले असते. सूरह जारियातच्या 56व्या आयतीचा आशय हाच आहे की जिन्न आणि मानव यांची निर्मिती केवळ अल्लाहच्या इबादतीसाठी झाली. मोठमोठे विचारवंत ज्या प्रश्नापाशी आयुष्यभर अडून राहिले, त्याचे उत्तर आपल्याला वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी मिळते. ही अल्लाहची मोठी कृपा आहे.

माझी तक्रार उत्तराबद्दल नाही. उत्तर दिल्यानंतर आपण जसे जगतो त्याबद्दल आहे. आपण शिकलेल्या, पगारदार मुसलमानांनी इबादत या शब्दाचा अर्थ इतका आखडून टाकला आहे की तो नमाज, रोजा, जकात आणि हज एवढ्यातच संपतो. दिवसाचे जे नऊ-दहा तास आपण खरोखर आपली बुद्धी आणि शक्ती खर्च करतो, ते तास या उद्देशाच्या बाहेर पडले आहेत. तिथे मालक दुसरा आणि नियमही दुसरे. हा आरोप इतर कुणावर करण्याआधी मी स्वतःवर करतो, कारण माझ्याजवळचा पुरावा माझ्याच विरुद्धचा आहे.

नमाजची खोली आणि एक टिक

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आम्ही तिघे-चौघे मुसलमान कधी जिन्याखाली, कधी पार्किंगमध्ये, कधी रिकाम्या मीटिंग रूममध्ये नमाज पढायचो. मग धीर करून आम्ही एचआरकडे अर्ज केला. दोन महिने ईमेल चालले आणि अखेर सर्व्हर रूमशेजारची एक छोटी खोली मिळाली. त्या दिवशी आम्ही मिठाई वाटली. जुम्याची वेळ कॅलेंडरवर राखून ठेवली. मला वाटले, दीन आणि नोकरी यांचा मेळ बसला, आता आणखी काय हवे?

त्याच वर्षी माझ्याकडे एक काम आले. छोट्या दुकानदारांसाठी बिले भरण्याचे ॲप होते. त्यातून दरमहा 49 रुपयांची एक 'संरक्षण योजना' विकायची होती. पैसे भरण्याच्या स्क्रीनवर तिच्या चौकटीत टिक आधीच मारून ठेवायची, मजकूर फिकट करड्या रंगात आणि बारीक अक्षरात लिहायचा, आणि तो 'पैसे भरा' या मोठ्या हिरव्या बटणाच्या खाली ठेवायचा. ज्याला योजना नको त्याने ती टिक शोधून काढायची. नंतर रद्द करायची झाली तर पाच स्क्रीन ओलांडायच्या. हे सगळे मी लिहिले. दोन दिवस लागले. दोन्ही दिवशी जोहर आणि असर मी त्या नव्या खोलीत वेळेवर अदा केली.

आमच्या टीममधल्या एका टेस्टरने त्यावर बग नोंदवला: ग्राहकाने होकार दिलेला नसताना पैसे कापले जातात. तिने त्याला 'गंभीर' असा दर्जा दिला. ती मुसलमान नव्हती, हे मुद्दाम सांगतो. वरून निरोप आला की हे ठरवून केलेले आहे, बग बंद करा. कोड माझा असल्यामुळे बंद करण्याचा शेरा मीच लिहिला: 'वर्क्स ॲज डिझाइन्ड', म्हणजे जसे घडवले तसेच चालते आहे.

पुढे सपोर्टच्या पाळीत मला ग्राहकांच्या तक्रारी वाचाव्या लागल्या. एका दुकानदाराने मराठीत लिहिले होते, "दर महिन्याला 49 रुपये कशाचे जातात? मी काहीच घेतलं नाही." मी ती तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली. त्यापुढे एक शब्द बोललो नाही. वार्षिक मूल्यमापन जवळ आले होते.

30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'बद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या डिझाइनबद्दल, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात 13 प्रकार नावानिशी दिले आहेत. ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याच्या बिलात एखादी जादा वस्तू घुसवणे हा त्यांतला एक. काही आठवड्यांत आमच्याकडे वरून आदेश आला, टिक काढा. मी ती दहा मिनिटांत काढली.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. सरकारी कागदाने माझ्याकडून जे करून घेतले, ते माझ्या नमाजने का करून घेतले नाही? नमाज माणसाला निर्लज्ज आणि वाईट कामांपासून रोखते, असे सूरह अनकबूतच्या 45व्या आयतीत सांगितले आहे. अल्लाहचे सांगणे खोटे असू शकत नाही. मग खोट माझ्या नमाजमध्ये होती. मी ती त्या खोलीतच ठेवून बाहेर येत होतो.

वर सुके, खाली ओले

कुणी म्हणेल, एवढ्याशा टिकमध्ये जीवनाचा उद्देश कुठे आला? ही व्यापारातली चलाखी आहे, ती सगळेच करतात. या म्हणण्याला कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्र काय उत्तर देते ते पाहू.

सहीह मुस्लिममधील एक प्रसिद्ध हदीस आहे. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि बजावले की जो फसवतो तो आपल्यातला नव्हे. लक्षात घ्या, त्या माणसाने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्याने फक्त मांडणी केली होती. वर सुके, खाली ओले. आजच्या भाषेत त्याने इंटरफेस डिझाइन केला होता. माझी करड्या रंगातली बारीक अक्षरे आणि त्याचे खाली दडवलेले ओले धान्य यांत मला काही फरक दिसत नाही.

मदयनच्या लोकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: एका अल्लाहची इबादत करा, आणि माप व वजन पुरे द्या. दोन्ही गोष्टी एकाच संदेशात आल्या. सूरह हूदच्या 84 ते 87 या आयती काढून पाहा. त्यावर त्या लोकांनी शुऐब (अलै.) यांना जो टोमणा मारला त्याचा आशय असा: आम्ही बापजाद्यांची दैवते सोडावीत आणि आमच्या मालमत्तेचे आम्हाला हवे ते करू नये, हे तुला तुझी नमाज शिकवते काय? मला या टोमण्याची लाज वाटते, कारण नमाजचा तराजूशी संबंध आहे हे मदयनच्या नाकारणाऱ्यांना बरोबर कळले होते. तो संबंध त्यांना नको होता, एवढेच. आपल्याला मात्र तो कळतच नाहीसा झाला आहे. आपल्या नमाजने आपल्या कंपनीतल्या कुणाच्या व्यवहाराला धक्का लागत नाही, म्हणून तर आपल्याला खोली सहज मिळते.

सूरह मुतफ्फिफीन तर सुरूच होते ती मापात मारणाऱ्यांच्या विनाशाच्या इशाऱ्याने: घेताना पुरे घेतात आणि देताना कमी देतात. पुढे विचारले आहे की एका मोठ्या दिवशी आपल्याला उठवले जाणार आहे याची या लोकांना कल्पना नाही का? इथे आखिरतवरची श्रद्धा थेट काट्यापाशी तपासली आहे. सूरह रहमानमध्ये आकाश उंच केल्याचा आणि तुला स्थापन केल्याचा उल्लेख एकत्र येतो, आणि लगेच वजनात गडबड न करण्याची आज्ञा येते. ज्याला आपण 'छोटी गोष्ट' म्हणतो, ती विश्वाच्या रचनेच्या ओळीत ठेवली गेली आहे.

माझे अब्बा लातूरच्या आडत बाजारात मापाडी होते. तूर, हरभरा, सोयाबीन, जे येईल ते तोलायचे. माल त्यांचा नव्हता आणि पैसाही त्यांचा नव्हता, त्यांना मिळायची ती तोलाई. हंगामात दिवसाला शेकडो पोती व्हायची आणि आडत्याला घाई असायची. पण काटा पूर्ण स्थिर झाल्याशिवाय अब्बा वजन पुकारत नसत. यावरून त्यांनी बोलणी खाल्लेली मी लहानपणी पाहिली आहेत. एकदा मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "किसान काटे को नै देखता बेटा, हमारे मूँ को देखता." ते इबादतीवर कधी बोलले नाहीत. त्यांना बोलताही आले नसते. त्यांच्या मुलाने अभियांत्रिकीची पदवी घेतली, काट्याच्या जागी स्क्रीन आली, आणि तो दुकानदार स्क्रीनवर विश्वास ठेवून बसला होता.

आपली हलालची यादी

आता आपल्या समाजाकडे वळतो. बिस्किटाच्या पुड्यावर ई-471 दिसले की आपण तो मागे ठेवतो. ते वनस्पतीचे की प्राण्याचे, यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर तासभर चर्चा होते. ही दक्षता चांगली आहे, मी तिची चेष्टा करत नाही. पण ज्या पगारातून ते बिस्किट येते त्या पगाराचे घटक आपण कधी वाचले का? मी काय बनवतो, ते कुणाच्या खिशातून काय काढते, त्याला ते ठाऊक असते का, ही चर्चा मी आजवर कोणत्याही ग्रुपवर पाहिलेली नाही. कुणाचे पॅकेज किती झाले, कोण कॅनडाला गेला, ही चर्चा रोज असते. आपल्याकडे एखाद्या तरुणाला दाढी का नाही असे विचारणारे दहा जण भेटतात. तू दिवसभर नेमके काय करतोस, असे विचारणारा एकही भेटत नाही.

आपली बयानेही याला काही अंशी जबाबदार आहेत. 'जिंदगी का मकसद' या विषयावर मी कितीतरी बयाने ऐकली. बहुतेकांचा शेवट ठरलेला असतो: दुनिया फानी आहे, मन आखिरतकडे लावा, नमाजची पाबंदी करा. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण हे ऐकून सोमवारी कामावर गेलेला माणूस असा अर्थ काढतो की दुनिया फानी आहे, तेव्हा तिथे मी काय करतो याला फारसे महत्त्व नाही. वास्तविक अर्थ उलट आहे. दुनिया थोड्या वेळेची आहे म्हणूनच इथला प्रत्येक तास हिशेबाचा आहे. सूरह जुमुअहमध्ये अजान होताच व्यापार सोडून नमाजकडे धावण्याची आज्ञा आहे, ती आपल्याला पाठ असते. त्याच्या पुढचीच आयत सांगते की नमाज पूर्ण झाल्यावर जमिनीवर पसरा, अल्लाहची कृपा शोधा, आणि अल्लाहचे खूप स्मरण करा. म्हणजे स्मरणाची आज्ञा बाजारात परत जाणाऱ्यालाही आहे. आपण जुम्यासाठी कॅलेंडरवर वेळ राखून ठेवतो आणि हा दुसरा भाग मशिदीच्या पायरीवर सोडून येतो.

दुसरीकडे बाजारात उद्देशाचे एक नवे दुकान उघडले आहे. ऑफिसच्या भिंतीवर 'आमचे ध्येय' लिहिलेले असते, लिंक्डइनवर प्रत्येक जण आपला 'पर्पज' सांगतो, आणि इकिगाईचे पुस्तक विमानतळावर मिळते. या सगळ्यांचे सार एकच: आयुष्याला मुळात उद्देश नसतो, तुमचा तुम्ही ठरवा. हे ऐकायला स्वातंत्र्यासारखे वाटते. पण आमच्या धंद्यातला एक साधा अनुभव सांगतो. आपलाच कोड आपणच तपासला की तो नेहमी पास होतो, कारण जी चूक कोड लिहिताना सुचली नाही ती तपासतानाही सुचत नाही. ज्याचा उद्देश त्यानेच ठरवला, त्याला तो मूल्यमापनाच्या महिन्यात बदलताही येतो. माझा तेव्हाचा उद्देश 'कुटुंबाला चांगले आयुष्य देणे' असा मी ठरवून टाकला होता, आणि त्या उद्देशाच्या कसोटीवर ती टिक उत्तम पास झाली. सूरह मुल्कच्या दुसऱ्या आयतीत मृत्यू आणि जीवन हे तुमच्यात कोण अधिक चांगले कर्म करतो याच्या परीक्षेसाठी निर्माण केल्याचे सांगितले आहे. परीक्षक मी नाही, हेच तर इस्लामच्या उत्तरातले मर्म आहे.

सबबी

मी स्वतःला ज्या सबबी दिल्या त्या इथे मांडतो, कारण वाचकांतले अनेक जण याच देतील.

पहिली सबब: मी फक्त सांगितलेले काम करतो, निर्णय वरचे लोक घेतात. या सबबीचे उत्तर मला एका हदीसमध्ये सापडले, आणि ती वाचताना मला अब्बा आठवले. सुवैद बिन कैस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) यांनी बाजारात त्यांच्याशी सौदा केला, आणि तिथे मजुरी घेऊन तोलून देणारा एक माणूस होता. प्रेषितांनी त्याला तोलायला आणि पारडे झुकते ठेवायला सांगितले. किंमत द्यायची होती ती प्रेषितांना स्वतःला, म्हणजे झुकत्या पारड्याचा भार त्यांच्यावरच पडणार होता. त्यांनी ही सूचना विक्रेत्याला किंवा एखाद्या सरदाराला केली नाही. ना माल त्याचा, ना पैसा त्याचा, अशा रोजंदारीवरच्या तोलणाऱ्याला केली. पारडे त्याच्या हातात होते एवढेच कारण पुरेसे होते. आज पारडे आपल्या कीबोर्डखाली आहे.

दुसरी सबब जास्त गंभीर आहे: आपण मुसलमान, आधीच नजरेवर येतो, त्यात तोंड उघडले तर पहिला बळी आपलाच जाईल. भाड्याचे घर मिळवताना, मुलाखतीत नाव सांगताना काय होते ते मी जाणतो, म्हणून या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी सांगतो. एक, नमाजच्या खोलीसाठी बोलताना ही भीती आम्ही ओलांडली होतीच. धोका तिथेही होता. स्वतःच्या हक्कासाठी जे धाडस होते ते अनोळखी दुकानदाराच्या 49 रुपयांसाठी झाले नाही. दुसरी गोष्ट, आपल्याबद्दलचा संशय आपण 'शांततेचा धर्म' अशी भाषणे देऊन दूर करू पाहतो. ज्या टीममध्ये लोक म्हणतील की याच्या हातून गेलेल्या कामात फसवणूक नसते, तिथे असे भाषण कुणी मागणार नाही. मक्केतले विरोधक प्रेषितांना 'अमीन' म्हणत, ते भाषणामुळे नव्हे.

तिसरी सबब: मग काय नोकरी सोडू? पोट आहे, आईवडिलांची औषधे आहेत. मी आलिम नाही आणि फतवा देणे माझे काम नाही. मजबुरीला शरीयतमध्ये जागा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मजबुरी म्हणजे आयुष्यभराचा परवाना नव्हे. खरा मजबूर माणूस रोज सुटकेची वाट शोधतो. आणि नोकरी सोडणे व गप्प राहणे यांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. बग बंद करताना 'वर्क्स ॲज डिझाइन्ड'ऐवजी 'ग्राहकाची संमती नाही, माझा आक्षेप आहे' एवढे मी लिहू शकलो असतो. टिक रिकामी ठेवून योजना स्पष्ट अक्षरांत दाखवणारा दुसरा आराखडा पुढे ठेवू शकलो असतो. त्या टेस्टरच्या बाजूने मीटिंगमध्ये एक वाक्य बोलू शकलो असतो. यांपैकी कशानेही माझी नोकरी गेली नसती. मी तिन्ही केले नाही. मजबुरी हा शब्द मी वापरला, पण ती माझी सोय होती.

चौथा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. एका मित्राने विचारले, हे सगळे साधी नीतिमत्ता झाली, यात इस्लाम कुठे आहे? तुझी ती टेस्टर तर कुरआन न वाचताच योग्य वागली. होय, वागली, आणि मी तिचा ऋणी आहे. अल्लाहने प्रत्येक मानवाच्या फितरतमध्ये चांगल्या-वाईटाची जाण ठेवली आहे, हे आपलेच सांगणे आहे. ती त्या जाणीवेला जागली. पण यावरून माझा हिशेब हलका होत नाही, उलट जड होतो. जिला ही शिकवण मिळाली नाही ती बोलली. ज्याच्याजवळ शुऐब (अलै.) यांची कथा आहे, धान्याच्या राशीची हदीस आहे, दिवसातून पाच वेळा अल्लाहसमोर उभे राहण्याची संधी आहे, तो गप्प राहिला. दीन आपल्याला इतरांहून श्रेष्ठ ठरवण्याचे प्रमाणपत्र नाही. ती आपल्यावरची जबाबदारी आहे.

आता काय करायचे?

प्रेषितपद मिळण्यापूर्वीची गोष्ट आहे. येमेनचा एक व्यापारी माल घेऊन मक्केला आला. आस बिन वाइल या वजनदार सरदाराने माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाचे ऐकणार कोण? तेव्हा काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की मक्केत कुणावरही अन्याय झाला, तो इथला असो की बाहेरचा, तर आपण त्याच्या बाजूने उभे राहू. हाच हिल्फुल फुजूल करार. तरुण मुहम्मद (स.) त्यात सामील होते, आणि प्रेषित झाल्यानंतरही ते म्हणत की इस्लामच्या काळातही अशा कराराची हाक आली तर मी तिला प्रतिसाद देईन. पाहा, हा करार एका फसवल्या गेलेल्या ग्राहक-व्यापाऱ्याच्या बुडालेल्या रकमेसाठी होता, आणि तो ज्यांच्यासोबत झाला ते तेव्हा मुसलमान नव्हते.

आपल्या ऑफिसांना, मोहल्ल्यांना अशाच कराराची गरज आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले शंभरात चारांहूनही कमी असल्याचे नोंदवले होते. आपण त्या चारांतले आहोत. आपल्यामागे कुणाची तरी तोलाई, कुणाची तरी शिलाई, कुणाचे तरी हातगाडीवरचे दिवस खर्च झाले आहेत. हे ज्ञान आपली मालमत्ता नाही, अमानत आहे.

म्हणून माझी तीन मागणी-वजा विनंत्या आहेत. पहिली, आपल्या पेशातल्या चार-पाच जणांनी, मुसलमान असोत वा नसोत, महिन्यातून एकदा बसावे आणि एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात माझ्या कामामुळे कुणाची फसवणूक झाली का? डॉक्टर असेल त्याने गरज नसलेल्या तपासण्यांबद्दल बोलावे, बिल्डरकडे काम करणाऱ्याने चटई क्षेत्राबद्दल, विमा विकणाऱ्याने न वाचून दाखवलेल्या अटींबद्दल. दुसरी, आपल्या मोहल्ल्यात रविवारी तासभर टेबल टाकावे. फोनवरून नको असलेली योजना रद्द कशी करायची, ऑटो-पे कुठे बंद करायचे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार कशी नोंदवायची, हे शिकवावे. आम्ही काही मित्रांनी हे सुरू केले आहे. टेबलाशी येणारा कोणत्या धर्माचा आहे हे आम्ही विचारत नाही. तिसरी विनंती खतीब आणि उलेमांना: वर्षातले काही खुतबे तरी काट्यावर, करारावर, मजुरीवर आणि स्क्रीनवर द्या. आमच्यासारख्यांना तिथे बोलावून विचारा की आम्ही दिवसभर काय करतो. आम्हाला उत्तर देताना घाम फुटला पाहिजे.

तिर्मिजीतील एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी आदमच्या पुत्राची पावले तोपर्यंत हलणार नाहीत जोपर्यंत त्याला पाच गोष्टी विचारल्या जात नाहीत: आयुष्य कशात घालवले, तारुण्य कशात झिजवले, संपत्ती कुठून मिळवली, ती कुठे खर्च केली, आणि जे जाणले त्यावर किती अंमल केला. जीवनाचा उद्देश काय, या प्रश्नाचे मकतबमधले उत्तर मी आजही तेच देईन: इबादत. पण आता मला हेही कळते की या पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर फक्त त्या छोट्या खोलीत मिळणार नाही.

अब्बांचा इंतकाल होऊन चार वर्षे झाली. मी त्यांना त्या टिकबद्दल कधी सांगितले नाही. ज्या दुकानदाराने ती तक्रार लिहिली होती त्याचे नाव मी विसरलो आहे. त्याला त्याचे पैसे परत मिळाले की नाही, हेही मी कधी पाहिले नाही. माझ्या हिशेबात ती नोंद उघडीच आहे. अल्लाह आपल्या सर्वांना आपल्या नमाजसह नमाजच्या खोलीबाहेर पडण्याचे बळ देवो, आणि आपल्या हातातले पारडे सरळ ठेवो. आमीन.